साहेबांच्या घराण्याची पहिली बाई

दर गुरुवारी दुपारी एक वाजला की माझं डोकं फिरायचं. गुरुवारी ऑफिस अर्धा दिवस. सगळे डबे पिशवीत टाकून "यल्ला, यल्ला" करत कंपनीच्या बसकडे पळायचे आणि मी मात्र साहेबांच्या केबिनबाहेर बसून अमेरिकेतल्या कुठल्या तरी चर्चला पत्र टाइप करत असायची. आदरणीय फादर, आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या असल्यास कृपया खालील नावं तपासावीत. असली पत्रं मी दोन वर्षांत किती टाइप केली ते देवालाच ठाऊक. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच, आणि पीठही माझंच.

आमची कंपनी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात होती. पोलादाच्या टाक्या आणि मोठाले पाइप तिथे तयार व्हायचे आणि ट्रेलरवर चढून थेट रुवैसच्या रिफायनरीत जायचे. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या शेजारणींना सांगायच्या, आमची सून कागद सांभाळते. तसं ते खरंच होतं. प्रत्येक ड्रॉइंगला नंबर असतो. इंजिनिअर त्यात बदल करतो, मग त्याच नंबरचं नवं ड्रॉइंग येतं, त्याला म्हणायचं रिव्हिजन. नवं आलं की जुनं बाद. जुन्यावर लाल शिक्का मारायचा, कागदाचा भुगा करणाऱ्या श्रेडरमध्ये घालायचं आणि विसरून जायचं. कारण जुनं चुकून शॉपफ्लोअरवर राहिलं आणि फिटरनं त्यावरून पाइप कापला, तर अख्खा पाइप भंगारात. माझ्या हातून एकदाही शिळं ड्रॉइंग फिटरकडे गेलं नव्हतं. ह्याचा मला फार गर्व होता आणि तो मी लपवतही नसे.

त्या गुरुवारांचं दुखणं तसं मीच ओढवून घेतलं. साहेब अमेरिकन, साठीला आलेले, क्वालिटीचे मुख्य. माझ्या पासपोर्टच्या कामासाठी मला एकदा वसईहून बाप्तिस्म्याचा दाखला मागवावा लागला. तो आला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात साहेबांना सांगितलं, की आमच्या वसईच्या चर्चमध्ये पार पोर्तुगिजांच्या वेळच्या वह्या आहेत, कोण कुणाचं लेकरू, कोण कुणाची बाप्तिस्म्याची धर्ममाता, सगळं लिहिलेलं सापडतं. खरं तर त्या वह्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. आमच्याकडे चर्चच्या क्लार्कला चिठ्ठी द्यायची, तो आतून लिहून आणतो. माझ्या दाखल्यावर त्यानं तारीखच चुकवली होती. मग त्यानं दुसरा लिहून दिला आणि पहिला माझ्या भावासमोर टराटरा फाडला. पण हे कोण सांगत बसतो! मी फुशारकी मारली, साहेबांचे डोळे चमकले, आणि पुढच्याच गुरुवारी एक जाडजूड फाइल माझ्या टेबलावर येऊन पडली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आम्ही राहायचो अजमानला, भाडं तिथलंच परवडायचं. नवरा दुबईत एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला होता. त्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी मला घ्यायला आला आणि मी गाडीत बसता बसता सुरू झाले, तर तो म्हणाला, "अगं पण माणूस अमेरिकन आणि पूर्वज फ्रेंच, हे कसं काय?"

मग साहेबांनी दोन तास ऐकवलेलं मी त्याला दहा मिनिटांत ऐकवलं. म्हटलं, अमेरिका नावाचा देश व्हायच्याही आधी तिथे मिसिसिपी नदीच्या काठाने फ्रेंचांची छोटी छोटी गावं होती. कॅनडातून होड्या वल्हवत हे लोक खाली यायचे, जनावरांच्या कातड्यांचा व्यापार करायचे. बायका बरोबर नसायच्या. मग तिथल्या आदिवासी बायकांशी लग्नं करायचे, आणि पाठोपाठ आलेले पाद्री त्यांची लग्नं लावायचे, पोरांना बाप्तिस्मा द्यायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. साहेबांचं गाव त्यातलंच. त्यांच्या घराण्यातली पहिली बाई अशीच एक आदिवासी होती म्हणे, आणि तिचं नाव त्यांना शोधायचंय.

"आणि ह्यात तू कुठे?"

"मी कॅथलिक ना! म्हणून मला फ्रेंच, लॅटिन सगळं येतं असं त्यांना वाटतं."

मागच्या सीटवरून आमची मुलगी म्हणाली, "मम्मा, जस्ट टेल हिम नो."

"तू टेल कर," मी म्हटलं.

आता खरं सांगते, पहिल्या दिवशी मला ह्या शोधाचं हसूच आलं होतं. माझ्या पणजीचं नाव मला माहीत नाही. माझ्या आईलाही नव्हतं. त्यावाचून आमचं काही अडलं नाही, जेवणं झाली, लग्नं झाली, आखातात येऊन नोकऱ्या लागल्या. तीनशे वर्षांपूर्वी नदीकाठी वारलेल्या बाईचं नाव कळून कुणाचं काय भलं होणार?

ते कळलं फोनमुळे. साहेबांची आई नव्वदीच्या पुढची, तिकडे एका वृद्धाश्रमात. दर गुरुवारी आमच्याकडे पाच वाजले की तिकडे तिची न्याहारी आटोपलेली असायची. साहेब स्पीकरवर फोन लावायचे, कारण दोन्ही हात फाइलमध्ये असायचे. म्हातारीचा आवाज खणखणीत. कशी आहेस, काय खाल्लंस, ह्यातलं काही नाही. पहिला प्रश्न एकच. "सापडली का ती?"

"नाही अजून. इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात," साहेब म्हणायचे. वीस वर्षं आखातात काढलेला माणूस, आईलाही इन्शाल्ला ऐकवायचा.

एकदा मी विचारलंच, की आईंना एवढी घाई कशाची? साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, माझी आई लहान असताना तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं, की आपली पहिली आई ह्या नदीकाठच्या लोकांतली होती, लपवू नकोस. पोरगी खुळी, तिनं ते जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर बोलून टाकलं. बाप भडकला. त्या काळी असं रक्त असणं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. आजीला तो सगळ्यांदेखत खोटारडी म्हणाला आणि मग मुलीला विचारलं, तुला खरंच असं काही सांगितलं हिनं? मुलगी घाबरून म्हणाली, नाही. आजी त्यानंतर फार दिवस जगली नाही.

"आईला ऐंशी वर्षं ते टोचतंय," साहेब म्हणाले. "तिला नाव हवंय. नाव सापडलं म्हणजे आजी खरी ठरली."

हे ऐकल्यावर माझं तोंड बंद झालं. राग गेला नाही, खोटं कशाला बोलू. गुरुवारी घरी बोंबील कालवणाला काढून ठेवलेले असायचे आणि मी इथे टाइप करत बसलेली. पण निदान कशासाठी बसलेय ते कळलं होतं.

उत्तरं यायची ती एकाहून एक. पोस्ट बॉक्समध्ये अमेरिकेचं तिकीट दिसलं की साहेब लहान मुलासारखे लगबगीने लिफाफा फोडायचे, आणि आत काय, तर आमच्या वह्या जळाल्या. आमच्या वह्या आहेत, पण तुम्ही म्हणता त्या सालाच्या पुढच्या. एका ठिकाणाहून तर उत्तर आलं, की नदीनं पात्र बदललं तेव्हा तुमचं ते गावच पाण्यात गेलं, चर्चसकट. मी म्हटलं, घ्या! आता नदीला पत्र टाइप करू का? साहेब हसले नाहीत. एका फॅक्सचे वीस दिरहम, म्हणजे दोनशे रुपये, आणि पलीकडून ओळीचंही उत्तर नाही, असंही व्हायचं. इंटरनेट तेव्हा फक्त एमडींच्या केबिनमध्ये होतं आणि ते लागायचं त्यांच्या मर्जीने. मला त्या मेलेल्या फ्रेंचांचा, त्यांच्या होड्यांचा, त्यांच्या वह्यांचा इतका वीट आला होता, की एकदा शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सेत, प्रार्थनेच्या वेळी, फादर वंशावळीचं वाचन करायला लागले, अमुकाला तमुक झाला, तमुकाला ढमुक झाला, तर मला दरदरून घाम फुटला.

आणि मग एक म्हातारी सिस्टर सापडली. तिकडच्याच एका छोट्या गावातली, चर्चच्या मागच्या खोलीत पडलेल्या खोक्यांतून जुनी सुटी पानं वाचणारी. तिचं दोन ओळींचं कार्ड आलं, की तुमच्या त्या फ्रेंच पूर्वजाचं नाव मला दिसलंय, उतरवून पाठवते, पण डोळे गेलेत, वेळ लागेल. आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत साहेबांनी रोज पोस्ट बॉक्सची किल्ली माझ्याकडून मागून नेली, आणि पाकीट आलं ते नेमकं साहेब रुवैसला असताना. तिथे रिफायनरीचा एक भाग दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता आणि साहेब तीन आठवडे साइटवर अडकले होते.

मी फोनवर सांगितलं, सर, पाकीट आलंय. पलीकडे मशिनींचा एवढा आवाज, की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. "उघड! नीट लावून फाइल कर! मी येऊन बघतो! हरवू नकोस!"

"मी कधी काही हरवलंय का, सर?" मी म्हटलं.

तो दिवस मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. रुवैसहून दर तासाला नव्या ड्रॉइंगची मागणी. दुपारपर्यंत माझ्या टेबलावर बाद झालेल्या ड्रॉइंगचा हा ढीग. शाईचा शिक्का मारून मारून बोटं लाल. त्यात मध्येच मी ते पाकीट फोडलं. वर सिस्टरचं पत्र होतं, बारीक तिरप्या अक्षरात चार पानं. ते मी वाचलं नाही. आलेली पत्रं एका फाइलला आणि सोबतचे कागद दुसऱ्या फाइलला, हा आमचा नियम. पत्र पत्रांच्या फाइलला लावलं. सोबत नऊ कागद होते, सगळे तिच्याच हातचे, फ्रेंचमध्ये उतरवलेले. मला फ्रेंच येत नाही, पण नावं वाचता येतात. ती साहेबांच्या वंशावळीच्या तक्त्याशी ताडून मी एकेक लावत गेले.

त्यातले दोन कागद एकाच मुलीचे होते. मुलीचं नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, पाद्रीही तोच. फक्त साल वेगळं, चारेक वर्षांचा फरक, आणि आईच्या नावाची ओळ वेगळी. मला वाटलं, बिचारीचे डोळे गेलेत, पहिल्यांदा चुकली, मग दुसरा लिहिला. माझ्या दाखल्याचं नाही का तसंच झालं होतं? एक मुलगी, एक नंबर, नवं आलं की जुनं बाद. माझ्या मनात अर्धा मिनिटही शंका आली नाही. अलीकडच्या सालाचा कागद फाइलला लावला. आधीच्या सालाच्या कागदावर लाल शिक्का मारला, तो ड्रॉइंगच्या ढिगावर ठेवला आणि सगळा ढीग श्रेडरला घातला. पाच वाजता हात धुतले आणि घरी गेले. त्या रात्री मला झोपही छान लागली.

साहेब परतले ते थेट साइटच्या बुटांनिशी माझ्या टेबलाशी. फाइल घेऊन केबिनमध्ये गेले. मी चहा सांगितला. बराच वेळ आतून काही आवाज नाही, म्हणून डोकावले, तर ते खुर्चीत मागे टेकून बसले होते. म्हणाले, "त्या मुलीची आई फ्रेंच आहे. कॅनडातून आलेली. दोन्ही आजोबांची नावं आहेत, ते कुठल्या गावचे तेही आहे. आदिवासी कुणी नाहीच. उगाच दोन वर्षं घालवली. खलास."

मला काय वाटलं सांगू? सुटले बाई, असं वाटलं. आता गुरुवारी दीडला घरी.

पाच वाजता त्यांनी फोन लावला. "सापडली का ती?"

साहेबांनी सगळं नीट समजावून सांगितलं. कागद आहे, साल आहे, आईचं नाव आहे, ती फ्रेंच होती. मग म्हातारी म्हणाली, "म्हणजे माझे वडील खरं बोलत होते."

"असं दिसतंय, आई."

"आजीनं मला ते चूल फुंकता फुंकता सांगितलं होतं रे. हसत हसत नव्हतं सांगितलं." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. साहेबांनी सगळा पसारा खोक्यात भरला आणि खोकं कपाटावर टाकलं.

दोन आठवडे गेले. मग साहेबांना सुचलं, की सिस्टरचे आभार मानायला हवेत. पत्त्यासाठी त्यांनी तिचं पत्र मागितलं. मी पत्रांच्या फाइलमधून ते काढून दिलं आणि माझ्या कामाला लागले. पाचच मिनिटांत ते बाहेर आले. पत्र त्यांच्या हातात होतं आणि ते मला वाचून दाखवायला लागले.

सिस्टरनं लिहिलं होतं, की तुमच्या माणसाला एकाच नावाच्या दोन मुली होत्या. पहिली, पहिल्या बायकोची. ती बायको तिथल्या आदिवासी लोकांतली, पुढे वारली. दुसरी मुलगी दुसऱ्या, फ्रेंच बायकोची. दोघींची धर्ममाता एकच, म्हणून दोघींना तिचंच नाव दिलं. दोघी जगल्या. तुमचं घराणं चालतं ते थोरलीपासून, तिच्या लग्नाची नोंद मी ताडून पाहिली आहे. तिचा कागद सगळ्यांत वर ठेवला आहे. तिच्या आईचं नाव पाद्र्यानं पूर्ण लिहिलंय, असं फार क्वचित पाहायला मिळतं. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

"वरचा कागद कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

वरचा कागद मीच श्रेडरला घातला होता. आणि सगळ्यांत चीड कशाची आली, तर मला हे कळायला हवं होतं! माझ्या सासरी, वसईला, एकाच नावाच्या दोन आत्या होत्या. दोघींची धर्ममाता एकच, गावातली मोठी मानाची बाई, तिनं दोघींना आपलंच नाव द्यायला लावलं. सगळं गाव त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा दोघींच्या हातचं खाल्लंय. आणि तरी मला शिक्का मारताना त्या आठवल्या नाहीत. अक्कल काय चरायला गेली होती?

"सर, पाकिटात एवढंच होतं," मी म्हणाले.

ते माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "नक्की?"

"नक्की, सर. मी कधी काही हरवलंय का?"

त्यांना पटलं. म्हणाले, बिचारी ठेवायला विसरली असेल. त्याच संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं, की आजी खोटं बोलत नव्हती, नाव आहे, कागद मागवतोय. स्पीकरवरून म्हातारीचा रडण्याचा आवाज आला. मग म्हणाली, "लवकर मागव. माझ्याकडे फार दिवस नाहीत." आणि मला समोर बसवून साहेबांनी पत्र सांगितलं. प्रिय सिस्टर, आपण पहिला कागद पाठवायला विसरलात असं वाटतं. ते मी टाइप केलं. माझ्याच बोटांनी, त्या आंधळ्या होत चाललेल्या बाईवर खापर फोडून. बोटं कशी चालली कोण जाणे.

उत्तर दोन महिन्यांनी आलं, ते तिथल्या नव्या फादरांचं. सिस्टर वारल्या. ते चर्च दुसऱ्या चर्चमध्ये विलीन झालं आहे. खोकी बिशपांच्या कचेरीत गेली आहेत, कुठली कुठे ते अजून लावलेलं नाही, तरी दोनेक वर्षांनी पुन्हा लिहावं.

"दोन वर्षं," साहेब म्हणाले आणि जोरात दार लावून आत गेले. आतून काहीतरी फेकल्याचा आवाज आला. तिकडे आईला दुसऱ्यांदा न्युमोनिया झाला होता.

त्यानंतरचे गुरुवार मला नको झाले. साहेब बिशपांच्या कचेरीला फॅक्स करायचे, फोन करायचे, ओळखीचा कुणी तिथे जाऊन खोकी उघडेल का म्हणून चौकशी करायचे. प्रत्येक फॅक्स मीच पाठवायची. पाच वाजता तो प्रश्न यायचा, आवाज आठवड्याआठवड्याला बारीक होत चाललेला. साहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी मला वाटायचं, कळलं ह्यांना. चोराच्या मनात चांदणं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "वेडी आहेस का? नोकरी जाईल. गप्प बस, म्हातारी काय आज आहे, उद्या नाही." त्याला असं बोलताना लाज वाटली नाही, आणि मला ऐकताना थोडं बरं वाटलं, ह्याची मला जास्त लाज वाटली.

शेवटी शुक्रवारी कन्फेशनला गेले. जाळीपलीकडच्या फादरांना सगळं सांगितलं. कागद, शिक्का, खोटं, सिस्टर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देव क्षमा करेल. तुझ्या साहेबांना जाऊन सांग." मी म्हटलं, फादर, तुम्हाला सांगणं सोपं आहे. ते म्हणाले, "म्हणूनच तर."

पुढच्या गुरुवारी साडेचारला मी केबिनमध्ये गेले. बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. "सर, तो कागद आला होता. जुनी रिव्हिजन समजून मी तो श्रेडरला घातला. आणि तुमच्याशी खोटं बोलले. सिस्टर विसरल्या नव्हत्या."

मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरचं ड्रॉइंग उचललं, त्याच्या कोपऱ्यातला नंबर वाचला, पुन्हा खाली ठेवलं. मग म्हणाले, "हे काम तुला असंच करायला मीच शिकवलं."

मग ते माझ्याकडे वळले.

"तू तो कागद हातात धरला होतास?"

"हो."

"त्यावर तिचं नाव पाहिलंस?"

"हो, सर."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाचला अजून पंधरा मिनिटं होती, तरी त्यांनी फोन लावला. स्पीकरवर नाही, रिसीव्हर कानाला लावून. परिचारिकेला म्हणाले, आईला द्या. मग म्हणाले, "आई, तो कागद प्रत्यक्ष पाहिलेली बाई इथे आहे. तिच्याशी बोल." आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होते, तरी दिला.

"तू पाहिलंस?" म्हातारीचा श्वास घरघरत होता. "खरंच नाव होतं? त्या वह्यांत आमच्या बायकांची नावं लिहीतच नसत. नुसतं लिहायचे, इथली एक बाई, आणि नावाची जागा कोरी. तशी जागा सोडलेली नव्हती ना?"

"नाही, आई." हे मी मराठीतच म्हणाले, तोंडातून तेच निघालं. मग इंग्रजीत सांगितलं, "जागा सोडलेली नव्हती. नाव होतं. लांबलचक होतं. एका ओळीत मावलं नव्हतं, खालच्या ओळीवर गेलं होतं."

ती हसली. खरंच हसली, आणि हसता हसता खोकला लागला. कुणीतरी तिला पाणी दिलं असावं. मग तिकडे काहीतरी शोधाशोध झाली, खण उघडल्याचा आवाज आला, परिचारिकेला ती काहीतरी म्हणाली.

"हं," ती म्हणाली. "पेन घेतलंय. वाच. सावकाश वाच, बाळ, माझा हात कापतो."

मी साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. कागद आता नाही, हे त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं.

मी सांगितलं. कागद माझ्याकडे नाही, मी तो नष्ट केला, चुकून केला, नाव मला आठवत नाही. किती दिवस मी डोळे मिटून ती ओळ आठवायचा प्रयत्न केला होता ते तिला सांगितलं नाही, त्याचा तिला काय उपयोग.

मला वाटलं, आता ती फोन ठेवणार.

"एक अक्षर?" ती म्हणाली. "पहिलं तरी?"

कुठलंही चाललं असतं. मी एक अक्षर सांगितलं असतं तर तिनं ते त्या कापऱ्या हातानं लिहून घेतलं असतं आणि मरेपर्यंत उशाशी ठेवलं असतं. ते तपासायला कुणीही येणार नव्हतं. माझ्या जिभेवर एक अक्षर आलंही होतं.

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन मुलाकडे द्यायला सांगितला.